तीन बाजूंची खाट

सुतारकामातले उस्ताद, उस्ता मितवल्ली, कोणाच्याही घरी गेले की आधी टेबलावर टिचकी मारत आणि मग सलाम करत. टिचकीच्या आवाजावरून लाकूड कुठलं, सांधा खुंटीचा की नुसता डिंकाचा, एवढंच काय, काम गल्लीतल्या कोणत्या कारखान्यातून आलंय, हे त्यांना कळायचं. आणि कळलं की ते गप्प बसत नसत. "छान आहे," म्हणायचे, "दोन हिवाळे जातील." यजमान चहा घेऊन आलेला असायचा, तो ट्रे हातात धरून तसाच उभा राहायचा.

इजिप्तमधल्या दुमयातमध्ये हे चालून जातं. तिथं निम्मं गाव लाकूड कापतं आणि निम्मं त्याला पॉलिश लावतं. त्यातही नवरीचा पलंग करावा तर मितवल्लींनीच, असं लोक मानत. त्रेपन्न वर्षं तेच काम. डाव्या हाताच्या करंगळीचं टोक करवतीनं नेलेलं, नाकावर कायम भुश्शाची पावडर, आणि कानावर एवढा भरवसा की चष्मा लागलाय हे त्यांनी कधी कबूलच केलं नाही. "डोळा फसतो, लाकडाचा आवाज फसत नाही," असं ते शिकाऊ पोरांना सांगत.

त्यांची धाकटी लेक रेहाम औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होती, नवरा आखातात नोकरीला. तिचा पलंगही त्यांनीच केलेला, चार महिने खपून. लग्नानंतर पहिलं बाळ चौथ्या महिन्यात पोटातच गेलं. दुसऱ्या वेळी सातवा महिना लागला, तशी ती एका संध्याकाळी फोन घेऊन कारखान्यात आली.

"बाबा, मला अशी खाट हवीय."

उस्तांनी फोन लांब धरला, जवळ धरला. "ह्याची चौथी बाजू कुठंय? बिचाऱ्याचं लाकूड संपलं वाटतं."

"चौथी बाजू म्हणजे मी. खाट माझ्या पलंगाला चिकटून राहणार. रात्री हात टाकला की बाळ हाताशी. उठायला नको, उतरायला नको."

पलीकडे पॉलिशवाला खमीस बसला होता. वीस वर्षं उस्तांच्या लाकडावर सोनेरी मुलामा चढवत आलेला आणि तेवढीच वर्षं त्यांची टिंगल करत आलेला. तो म्हणाला, "उस्ता, घ्या. आता तीन पायांचं टेबल, दोन पायांची खुर्ची. आपलं काम कमी होतंय."

"आणि हा पट्टा कसला?" उस्तांनी विचारलं. "गाढवाला आवळतात तसला?"

"खाट पलंगाला आवळायची त्यानं. मध्ये फट राहता कामा नये. दोन बोटांचीसुद्धा नाही, असं लिहिलंय."

"मितवल्लीच्या कामात फट!" ते खमीसकडे वळून म्हणाले, "ऐकलंस? माझीच मुलगी!"

घरी कवसरनं, म्हणजे रेहामच्या आईनं, निराळाच सूर लावला. "खाटच कशाला? तुम्ही पाच जण माझ्या कुशीत झोपलात. दबलं का एक तरी?"

"नाही दबलं, ते नशीब, आई."

"अगं, नशीब कसलं? आई झोपेतही जागी असते."

रेहामनं वाद घातला नाही. ती तीन दुकानं फिरून आली होती. एकीकडे जाळीची खाट होती, हलवली की कुरकुरणारी. दुसरीकडे मोठी, चार भिंतींची, झालरवाली, तिच्यातून बाळ काढायला कमरेत वाकावं लागे. तिला हवी होती ती एकच, आणि ती बाबांनीच करावी असं तिला वाटत होतं. बाजारातल्या खिळ्यावर तिचा भरवसा नव्हता, बाबांच्या सांध्यावर होता.

उस्ता आठ दिवस फुगून बसले. नवव्या दिवशी बीच लाकडाच्या फळ्या रंध्याखाली गेल्या. पलंगाची उंची मोजायला ते रेहामच्या घरी गेलेच नाहीत. पलंग त्यांच्याच हातचा, माप डोक्यात पक्कं. पट्टा त्यांनी साफ नाकारला. त्याऐवजी दोन पितळी आकडे बसवले, जे पलंगाच्या लांब पट्टीवर अडकणार होते. पुढच्या फळीवर डाळिंबं आणि पानं कोरली. खमीसनं चार दिवस बसून त्यांच्यावर मुलामा चढवला. गल्लीतले लोक मुद्दाम येऊन बघून गेले.

मुलगी झाली. तीन किलो शंभर ग्रॅम. नाव ठेवलं तालिया. दोन रात्री इस्पितळात आणि दोन कवसरकडे काढून पाचव्या दिवशी सकाळी मायलेकी रेहामच्या घरी आल्या. पाठोपाठ कवसर निघाली: कांदा भरून भाजलेलं बदक, बाळंतिणीला दुधातून देतात त्या मुगात नावाच्या मुळाच्या, तुपात परतलेल्या पुडीची बरणी, आणि गादीवाल्याकडून नव्यानं पिंजून भरून घेतलेली कापसाची जाड गादी. बाळंतिणीनं उंच आणि मऊ झोपायचं, ही तिच्या माहेरची रीत. जुन्या गादीवर नवी गादी पडली.

संध्याकाळी खाट वर चढवली, तेव्हा ती पलंगापेक्षा वीतभर खाली राहिली.

कवसरनं तोंडाला पदर लावला. "अहो उस्ता, खाट बसकी झाली."

"खाट बसकी नाही, तुझी गादी चढेल आहे," उस्ता म्हणाले. ते खाली गेले आणि लाकडाचे चार ठोकळे घेऊन आले. दुमयातच्या कुठल्याही घरात काही डगमगलं, बुटकं झालं, तिरपं झालं की पहिला उपाय ठोकळा. चारी पायांखाली ठोकळे सरकवले, वर पाणसळ ठेवली. बुडबुडा बरोबर मधोमध. दोन्ही गाद्या एका रेषेत. "घ्या," ते म्हणाले.

"बाबा, आकडे अडकले नाहीत." आकडे पट्टीच्या वर वीतभर अधांतरी होते.

"न अडकू देत. सत्तावीस किलोचं बीच आहे. कुठं पळून जातंय?"

"पण फट..."

"कुठंय? दाखव."

फट नव्हतीच. खाट पलंगाला टेकली होती, पोस्टकार्ड जाणार नाही अशी. रेहामनं एकदा तिथून बोट फिरवून पाहिलं.

बाळाच्या सातव्या दिवसाचा सोहळा, सबूअ, शुक्रवारी संध्याकाळी होता. गुरुवारी दुपारी सगळं घर साबणाच्या पाण्यानं धुऊन निघालं, फरशी काचेसारखी झाली. पाहुण्यांसाठी सुकामेव्याच्या पिशव्या भरणं चाललं होतं. खमीस मुलाम्यावर शेवटचा हात फिरवायला आला होता. उस्ता खाटेपाशी उभे राहून त्याला चुका दाखवत होते. तालिया कवसरच्या मांडीवर झोपली होती.

रेहाम स्वयंपाकघरातून तीन किलो तांदळाची पिशवी घेऊन आली. ती तिनं दुपट्यात गुंडाळली, बाळाला गुंडाळतात तशी.

"हे काय नवीन?" कवसर म्हणाली. "तांदळाचा पण सबूअ करणार?"

"बाबा, मला एकदा बघू द्या. तुम्ही इथंच थांबा."

"बघ, बघ. डॉक्टरीणबाईंचं समाधान होऊ दे," उस्ता म्हणाले, आणि खमीसनं ब्रश बाजूला ठेवून हाताची घडी घातली. त्याला करमणूक हवीच होती.

रेहाम पलंगावर आडवी झाली. पिशवी खाटेत ठेवली. मग रात्री दूध पाजायला ओढतात तशी ती आपल्याकडे ओढून घेतली, क्षणभर कुशीत धरली, आणि अर्धवट झोपेत ढकलतात तशी परत ढकलली. पिशवी खाटेच्या काठाशीच राहिली. रेहामनं कूस बदलली. तिच्या कोपराखाली नव्या गादीचा काठ दबला आणि फुगून बाहेर आला. धुतलेल्या फरशीवरून ठोकळे सरकले. खाट वीतभर लांब गेली.

उस्ता खाटेच्या आत बघत नव्हते. ते कोरीवकामाकडे बघत होते, कान मात्र देऊन होते. काही पडलं तर आवाज येणार, आवाज आला नाही म्हणजे काही पडलं नाही.

"बघितलंस?" ते म्हणाले. "झालं का काही?"

खमीसची हाताची घडी सुटली होती. उस्तांनी खाटेत पाहिलं. खाट रिकामी होती.

पिशवी खाली जमिनीवरही नव्हती. कापसाची गादी आणि खाटेच्या उघड्या बाजूची खालची फळी यांच्या मध्ये ती अडकली होती, दुपट्याचं डोक्याकडचं टोक खाली, पायाकडचं वर. गादी पुन्हा फुगून तिच्या अंगाबरोबर बसली होती, चारी बाजूंनी. वरून फक्त दुपट्याची निळी किनार दिसत होती. आवाज झाला नव्हता, कारण तिथं लाकूड कशावर आपटलंच नव्हतं.

कवसरनं मांडीवरची तालिया एवढी घट्ट धरली की ती जागी होऊन रडायला लागली.

उस्तांनी वाकून पिशवी ओढली. एका हातानं निघेना. दोन्ही हातांनी ओढावी लागली.

"काल रात्री ती कुठं झोपली होती?" त्यांनी विचारलं.

"इथंच."

"आणि तू?"

"मी नाही झोपले. खाटेच्या दांडीला हात घालून बसले होते, सकाळपर्यंत."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं, बाबा. तीनदा सांगितलं."

उस्ता फरशीवर बसले. ओल्या फरशीवर, इस्त्री केलेल्या झग्यासकट. त्यांच्या हातून बोट गेलं होतं, आख्खं कपाट एकदा पायावर आलं होतं, कारखान्याला आग लागली तेव्हा ते उभ्या अंगानं आत शिरले होते. पण खमीसनं त्यांना असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. ते त्या गुंडाळलेल्या पिशवीकडे बघत होते. ओठ हलत होते. बहुधा ते काही मोजत होते, किंवा देवाशी बोलत होते. एक रात्र. ती जागी राहिली म्हणून. पेंग आली असती तर. एकदाच.

"उस्ता, पाणी घ्या," खमीस म्हणाला.

"पट्टा आण."

"कसला पट्टा?"

"सोफ्याच्या बैठकीखाली ताणतात तो. जाड. आणि बक्कल. आणि गिरमिट."

"भोकं पाडणार? उद्या सबूअ आहे, उस्ता. आख्खी गल्ली ते डाळिंब बघायला येणार. चार दिवस बसलोय मी त्याच्यावर."

"खमीस, जा."

खमीस गेला.

त्या दुपारी उस्तांनी ठोकळे काढून फेकले आणि खाटेच्या पायांना तेवढेच तुकडे खुंट्या मारून कायमचे जोडले. आकडे खाली उतरवून पट्टीवर बसवले, हिसका देऊन पाहिले. मग चष्मा मागितला. कवसरनं स्वतःचा दिला. तो लावून त्यांनी दोन डाळिंबांच्या बरोबर मधून गिरमिट फिरवलं. मुलाम्याची साल पापुद्र्यासारखी उडाली. खमीस तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिला. पट्टा भोकांतून ओवून, गाद्यांच्या खालून पलीकडच्या पट्टीला नेऊन आवळला. तरी नव्या गादीचा काठ दाबला की फुगतच होता, म्हणून ती त्यांनी स्वतः उचलून बाहेर ठेवली आणि आकडे, पट्टा सगळं पुन्हा जुन्या उंचीला आणलं. आत्ताच जोडलेले तुकडे आता कापावे लागले. कवसर रीतीबद्दल काही बोलायला गेली, पण त्यांचं तोंड बघून थांबली.

मग ते पलंगावर आडवे झाले.

त्रेपन्न वर्षांत त्यांनी स्वतः केलेल्या एकाही पलंगावर पाठ टेकली नव्हती. तयार झाला की टिचकी मारायची आणि गाडीवर चढवायचा. आता ते बाळंतिणीसारखे कुशीवर वळले, पिशवी ओढून घेतली, ढकलली, कूस बदलली. पुन्हा. कोपर रोवून. पाय आपटून. पुन्हा. खमीसला हसू यायला हवं होतं. आलं नाही. तीसेक वेळा झाल्यावर रेहाम म्हणाली, "पुरे, बाबा."

"अजून एकदा."

संध्याकाळी रेहाम झोपली. तालिया खाटेत, तिचा हात खाटेत. दोघींची तोंडं उघडी. उस्ता दारात उभे राहिले आणि कितीतरी वेळ तिथून हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी घर भरलं. चाळणीत निजवलेल्या तालियाच्या कानाशी कवसरनं पितळी खलबत्ता दणदणवला आणि रीतीप्रमाणे ओरडली, "आईचं ऐक! बापाचं ऐकू नकोस!" मग उस्तांकडे बघून आणखी जोरात, "आणि आजोबाचं तर मुळीच नको!" बायका खिदळल्या. उस्तांनी मान डोलावली, अगदी गंभीरपणे, त्यामुळे त्या अजूनच हसल्या.

लोक खाट बघायला आत येत आणि पट्टा बघून थांबत. "उस्ता, सोन्याच्या बाईला दोरीचा कंबरपट्टा?" मिठाईवाला सईद हलवानी म्हणाला. तरी त्याला खाट आवडली. त्याची सून आठव्या महिन्यात होती. "मला अशीच करा, फक्त हे गाढवाचं सामान नको. पलंगाचं माप तुमच्याकडे असेलच. तुम्हीच केलाय, चार वर्षांपूर्वी."

"माझ्याकडे माप नाही."

"म्हणजे?"

"लाकडाचं आहे. झोपणाऱ्याचं नाही. सूनबाई त्या पलंगावर आडवी होईल, कूस बदलेल, तुझी बायको आत उभी राहून बघेल आणि मला सांगेल. मग करीन. आणि पट्ट्याशिवाय देणार नाही."

"ऐका!" हलवानी सगळ्यांना उद्देशून म्हणाला. "म्हातारपणी ह्यांना बायका झोपवून मापं घ्यायचीत!"

हशा पिकला. हलवानीनं उस्तांच्या खांद्यावर थाप मारली. "राहू द्या, उस्ता. शेजारच्या कारखान्यात सांगतो. ते तीन दिवसांत देतात, बिनपट्ट्याची." आणि तो पिशवीतला बदाम तोंडात टाकत जिना उतरायला लागला.

मितवल्ली गिऱ्हाइकाच्या मागे कधी गेले नव्हते. गिऱ्हाईक गेलं की ते म्हणत, येईल परत, पलंग मोडला की. आता त्यांनी कठडा धरला. जिना घुमत होता, खलबत्त्याचा आवाज वरून येत होता, आणि हलवानी दुसऱ्या मजल्याच्या वळणाला पोहोचला होता.

"सईद!" ते ओरडले. "सईद, थांब!"

तो थांबला नाही. उस्ता तसेच अनवाणी, पाहुण्यांना बाजूला सारत, त्याच्या मागे खाली धावले.