पदराआडचा गाल

आष्टीच्या आमच्या घरात शिरताना मी दारातच खाकरायचो. आत धाकट्या भावाची बायको पदर गालापर्यंत ओढून घ्यायची. एकोणीस वर्षं एका चुलीवरचं जेवलो, पण तिचा चेहरा मी कधी नीट पाहिला नव्हता. थोरल्या दिरानं पाहायचा नसतो. या सभ्यतेचा मला केवढा अभिमान होता!

तिच्या कानाखालची गाठ त्याच पदरात वाढली. तिनं भावाला फोनवर सांगितलं तेव्हा तो ट्रक घेऊन परराज्यात होता. माझी बायको जाऊन सहा वर्षं झालेली. जालन्याला मीच नेलं.

सोनोग्राफीत गाठीच्या कडा वेड्यावाकड्या दिसल्या. डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या, "हसा बघू." मी भिंतीवरच्या कॅलेंडराकडे पाहत राहिलो.

"उजवीकडे ओठ कमी हलतोय. चेहऱ्याची नस याच गाठीतून जाते. हे आधीपासून आहे की आता झालंय?"

"आरशात हसून कोन बघतं, बाई?" ती म्हणाली.

मग त्यांनी मला विचारलं, "तुम्ही एकाच घरात राहता ना?"

एवढी लाज मला जन्मात वाटली नव्हती. भावाला फोन लावला. "ध्यान न्हाई, दादा. मला तर बराबरच दिसायची." मला त्याचा संताप आला, आणि लगेच स्वतःचाही. घरी येऊन त्या दोघांच्या लग्नाचा अल्बम काढला. सगळ्या फोटोंत तिची मान खाली.

गाठीत सुई घालून पेशी काढल्या. त्या पुरेशा निघाल्या नाहीत, म्हणून पुन्हा सुई. मग एमआरआय. मधे एक खुर्ची रिकामी सोडून आम्ही दोघं नुसते बसून राहायचो. मला काहीच करता येत नव्हतं. शेवटी कळलं, लाळेच्या ग्रंथीचा कॅन्सर आहे. क्वचितच कुणाला होणारा, नसेच्या कडेनं सरकत जाणारा. ऑपरेशनमध्ये नस कापावी लागणार होती. अर्धा चेहरा कायमचा लुळा पडणार होता.

ऑपरेशनच्या सकाळी मी सवयीनं खाकरून खोलीत गेलो. तिच्या अंगावर दवाखान्याचा झगा होता, ओढायला पदर नव्हता. हातानं गाल झाकता आला असता, पण तिनं झाकला नाही.

"दादा, एकदा बघून घ्या," ती म्हणाली. "मंग कुनी इचारलं तर सांगता यील."

मी मान वर केली. ती हसली. पण तोवर उजवी बाजू हलायची थांबली होती.