समुद्राकाठी दोनच खोल्या

माझ्या थोरल्या चुलतीने, म्हणजे आमच्या काकीने, तोवर समुद्र पाहिलेला नव्हता. हॉटेल तिने मंचरला पाहिलं होतं, तेही चहापुरतं. पण तिने समुद्राकाठची जी सहल आखली तिला तोड नाही. पुढे नोकरीत मीही सहली आखल्या, ऑफिसातले लोक माझं कौतुकही करतात. मला ते ऐकताना हसू येतं. यांनी काकीचं काम पाहिलेलं नाही.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. मी मंचरला कॉलेजात जात होते. आमचं गाव लोणीच्या अलीकडे, कांदा-बाजरीचं, पाण्याची कायम टंचाई असलेलं. माझे वडील आणि थोरले चुलते यांची घरं एकाच अंगणात समोरासमोर होती, आणि विहीर दोघांत एक. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. एका उन्हाळ्यात वडिलांच्या पाळीत वीज गेली ती गेलीच. चुलत्यांनी आपल्या पाळीतला थोडा वेळ सोडला असता तर आमचा कांदा पोसला असता. त्यांनी सोडला नाही, कारण त्यांचाही कांदा माना टाकत होता. खरं सांगायचं तर मला दोघांचंही पटत होतं आणि दोघांचाही राग येत होता.

तेव्हापासून भावाभावांत अबोला. आमच्याकडे अबोला म्हणजे काय, हे शहरातल्या माणसाला समजावून सांगावं लागतं. दोघं अंगणात दोन हातांवर उभे असत. वडील मला म्हणत, "त्यांना म्हणावं, मोटर बंद केलीय." चुलते ते स्वतःच्या कानांनी ऐकत आणि मलाच सांगत, "म्हणावं, कळलं." मी मधे उभी. माझं तोंडसुद्धा उघडलेलं नसे. असल्या निरोप्याला पगार का देत नाहीत, असं मी एकदा विचारलं, तर दोघांनीही माझ्याकडे एकसारखेच डोळे वटारून पाहिलं. निदान तेवढ्यात तरी त्यांची एकी होती.

एरवी हे दोघे म्हणजे गावातले नावाजलेले पोहणारे. चुलत्यांनीच वडिलांना कंबरेला दोर बांधून विहिरीत पोहायला शिकवलं होतं. आमच्या विहिरीचा एक नियम होता. काठावरच्याने उडी टाकण्याआधी "आलो रे!" म्हणून हाक द्यायची. आतल्याने बाजूला होऊन "ये!" म्हणायचं. आतून उत्तर आल्याशिवाय उडी टाकायची नाही, नाहीतर एखाद्याच्या डोक्यात पडायचं. अबोला धरलेल्या माणसांना हा नियम कसा पाळता येणार? म्हणून ते वेगवेगळ्या वेळी पोहायला जात.

त्या वर्षी चैत्रात चुलत्यांनी अंगणात विटांची गाडी रिकामी केली. पावसाळ्याआधी मधोमध भिंत घालायची, हे कुणाला सांगावं लागलं नाही. काकी आणि माझी आई कांदा निवडत बसल्या होत्या. दोघी जावांनी अबोला कधी धरलाच नव्हता, फक्त नवरे घरात असले की हळू बोलायच्या. काकी विटांकडे बघत म्हणाली, "एकदा भित झाली की मग न्हाई हुयाचं बोलणं. भितीला कान असत्यात म्हणं, पर त्वांड नसतं." आणि तिथेच, कांद्याच्या फोलपटांत बसून, तिने समुद्राची सहल काढली.

निमित्त मोठं पक्कं शोधलं. म्हणाली, "आत्याबाईंचा हरिहरेश्वराचा नवस राह्यलाय. दोघं ल्योक जोडीनं आल्याबगार फिटायचा न्हाई." आत्याबाई म्हणजे तिची सासू, या दोघांची वारलेली आई. आईच्या नवसाला कोणता मुलगा नाही म्हणेल? नवस खरा होता की काकीने रचला, हे मला आजतागायत कळलेलं नाही. आईला विचारलं की ती भाकरीचं पीठ चाळायला लागायची.

मग काकीची तयारी सुरू झाली. मंचरच्या बाजारात मासळी विकणाऱ्या बाईकडून तिने कोकणातल्या गावांची माहिती काढली. मुक्कामाच्या एसटीच्या कंडक्टरला चहा पाजून घाटांची नावं विचारली. गावातल्या एका बाईची मुलगी तिकडे दिली होती, तिच्याकडून एका नारळी-पोफळीच्या वाडीतल्या घराचा फोन नंबर मिळवला. तिथे खोल्या भाड्याने देत आणि घरचं जेवण देत. गुरांसाठी तिने सावड लावली. म्हणजे शेजारणींनी आमच्या गाई पिळायच्या, आणि बदल्यात आम्ही त्यांच्या शेतात खुरपायला जायचं. माझा भाऊ आणि चुलतभाऊ दोघांनाही तिने घरीच राहायला सांगितलं. ते फुरंगटले. काकी मला एकटीला म्हणाली, "त्यास्नी न्हेलं म्हंजी ह्या दोघांना निरोपे मिळत्यात. मधी कुनी नको." मला मात्र फोनवर शुद्ध बोलता येतं म्हणून घेतलं, आणि वर बजावलं, "निरोप सांगशील तर बघ."

एसटीडी बूथच्या काचेच्या खोक्यात मी फोन धरून आणि काकी माझ्या खांद्याला चिकटून, अशा आम्ही उभ्या होतो. पलीकडे घराची मालकीण होती.

"तीन खोल्या आहेत हो रिकाम्या," ती म्हणाली. "एकेका जोडप्याला एकेक घ्या."

काकीने मला चिमटा काढला. "दोनच म्हण. एक बायांची, एक बाप्यांची."

मी दोनच म्हटलं.

"बाप्यांच्या खोलीत पलंग किती, इचार."

"दोन आहेत."

"येक काढाया सांग."

हे मी विचारलं नाही. काही गोष्टी शुद्ध भाषेत विचारता येत नाहीत.

जेवणाचंही तिने फोनवरच ठरवलं. चुलते माळकरी, वडिलांचा जीव मासळीवर. काकीने सांगितलं की एकाला वरणभात आणि मोदक, दुसऱ्याला सुरमई, पण पंगत एकच आणि पाटाला पाट लावून. शिवाय घोडागाडी एक, होडी एक, सगळं जोडीने बसायचं. लग्नाचा स्वयंपाक काढावा तशी तिने ती सहल काढली होती, मीठ कुठे लागेल तेसुद्धा आधी ठरवून. मी तेव्हा तिच्यावर चिडत होते, पण मनातून थक्क झाले होते.

आणि मग एकेक बेत कोसळायला लागला.

ठरवलेल्या जीपमध्ये दोघांना मधल्या सीटवर बसवायचं होतं. वडील ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले ते ताम्हिणी उतरून माणगाव आलं तरी उठले नाहीत. हरिहरेश्वराला दोघांनी जोडीने नारळ फोडला, पण बोलले देवाशी. दुपारी खोलीत पडले, तर भिंतीपलीकडून आम्हाला फक्त पंख्याच्या बटणाचा आवाज येत होता. चुलत्यांना वारा हवा, वडिलांना नको. खट्, मग थोड्या वेळाने पुन्हा खट्. घोडागाडीत दोघं बसले खरे, पण एक पुढे तोंड करून आणि एक मागे.

पंगतीला मालकीण वाढत होती. इतकी मायेची बाई, की सोलकढी दोनदा वाढल्याशिवाय तिला चैन पडेना. तिने काकीला हळूच विचारलं, "तुमचे यजमान आणि दीर एकमेकांशी बोलत नाहीत का हो?"

"आमच्याकडं बाप्ये जेवताना बोलत न्हाईत," काकी म्हणाली आणि पुढचा घास घेतला.

पण रात्री अंथरुणं घालताना मी तिचा चेहरा पाहिला. देव पाण्यात घालून बसलेली बाई जशी दिसते तशी ती दिसत होती. उद्या संध्याकाळनंतर परत निघायचं होतं, आणि घरी विटा वाट पाहत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कोळीवाड्याच्या धक्क्यावर गेलो. भरती होती. पाणी धक्क्याला टेकलं होतं आणि पोरं वरून धडाधड उड्या टाकत होती. वडील ते पाहत राहिले. त्यांचे हात शिवशिवत होते, हे मला कळलं. पण चुलते शेजारी होते, म्हणून त्यांनी सदरा काढला नाही. काकी खाली वाकली, चूळभर पाणी तोंडात घेऊन तिने थुंकून टाकलं आणि म्हणाली, "यवढं पाणी, आन कांद्याला चालत न्हाई."

उन्हं कलल्यावर पुन्हा गेलो. काकीने चुलत्यांना सांगून ठेवलं होतं, की खाऱ्या पाण्यात गुडघे बरे होतात. ते धक्क्याच्या पुढे उतरून गेले, आणि आम्ही वळून पाहिलं तेव्हा गळाभर पाण्यात स्थिर झाले होते. आम्ही तिघी वाळूवर कपडे सांभाळत बसलो. तेवढ्यात वडील धक्क्यावर चढताना दिसले. त्यांनी सदरा-लेंगा काढून खाली आमच्याकडे फेकला. बहुतेक भावाला न जुमानता एक उडी टाकून घ्यायची, असं त्यांनी ठरवलं असावं.

आता इथे चूक आमच्या मुलखाची. आमच्या विहिरीतलं पाणी, मोटर लावली नाही तर, सकाळी असेल तिथेच संध्याकाळी असतं. पाणी आपलं आपण निघून जातं, हे आमच्या डोक्यात यायला जागाच नाही. धक्क्यापासून ते खाली गेलेलं दिसत होतं, पण गढूळ होतं, आणि चुलते तर गळ्यापर्यंत बुडालेले. म्हणजे पुरुषभर तरी पाणी असणार, असा वडिलांनी हिशेब केला. आम्हीही तोच केला.

वडिलांनी दोन्ही हात डोक्यावर जोडले. डोक्याकडून सूर मारायचा, ही त्यांची पद्धत. आणि अंगवळणी पडलेली हाक आपोआप त्यांच्या तोंडून गेली.

"आलो रे!"

हाक गेल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं असावं, आपण कुणाला हाक दिली ते. ते तसेच उभे राहिले. चुलत्यांनी मान वर केली. उत्तर नाही. आईने माझं मनगट धरलं. नियम असा, की उत्तर नाही तर उडी नाही. पण इतकी वर्षं ज्याने उत्तर दिलं नाही त्याच्या उत्तराची वाट किती पाहायची? वडिलांचे गुडघे वाकले. ते निघणार होते.

आणि चुलते पाण्यातून उभे राहिले. पाणी त्यांच्या कंबरेपर्यंतसुद्धा नव्हतं.

"आरं थांब! उडी टाकू नगंस! पाणी न्हाई हितं, मी बसलोय!"

ते पाण्यात गळ्यापर्यंत उकिडवे बसले होते, गुडघे बरे करत. त्यांच्या पायांजवळ कालवांच्या धारदार शिंपल्यांनी भरलेले खडक होते, हे मागून कळलं. सूर बसला असता तर काय झालं असतं, ते मी आजही मनात पुरतं येऊ देत नाही.

वडील धक्क्यावर, पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीत, हात अजून डोक्यावर जोडलेले.

"मग दादा, बसलायस कशापायी तसा?"

"तुझी वैनी म्हणली, गुडघ्याला बरं आसतं!"

आई हसायला लागली. मीही हसले, आणि हसता हसता रडले. काकी मात्र हसली नाही. तिने वडिलांचा सदरा मांडीवर घेतला आणि त्याची बारीक घडी घातली, मग मोडली आणि पुन्हा घातली.

पुढे सगळं गोडीगुलाबीचं झालं असं नाही. परतीच्या वाटेवरही वडील ड्रायव्हरशेजारीच बसले. फक्त निघण्याआधीच्या पंगतीत त्यांनी ताटातून मान वर न करता म्हटलं, "वैनी, दादाला मोदक वाढा." पूर्वी ते 'त्यांना' म्हणत असत. काकीने दोन वाढले.

जीपमध्ये मी तिला विचारलं, "काकी, हे असं होईल हे तुला ठाऊक होतं?"

"मला काय सपान पडलं व्हतं?" ती कुजबुजली. "मला वाटलं, पाण्यावरनं भांडल्यात, तर यवढं पाणी बघून निवत्याल. पर ते पाणीबी जातंय-येतंय, हे कुनाला ठावं!"

घरी विटा होत्या तिथेच होत्या. गवंडी दोनदा येऊन विचारून गेला. चुलते त्याला हो म्हणेनात आणि नाहीही म्हणेनात. काकीनेही विषय काढला नाही. बाईला कधी थांबायचं तेही कळत होतं, आणि मला तिचं तेच सगळ्यांत जास्त आवडतं.

मग एके सकाळी, पाळी बदलायच्या दिवशी, विहीर भरलेली होती. काकी चुलीपुढे भाकरी थापत होती आणि मी उंबऱ्यात बसले होते. घराच्या मागून, विहिरीच्या काठावरून, माझ्या वडिलांचा आवाज आला.

"आलो रे!"

काकीचा हात भाकरीवर तसाच राहिला. तव्यावर एक भाकरी होती, तिच्याकडे दोघींपैकी कुणीच पाहिलं नाही. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग खालून, विहिरीच्या पोटातून घुमत, चुलत्यांचा आवाज आला.

"ये!"

धबकन पाणी वाजलं. तव्यावरची भाकरी तोवर करपून कोळसा झाली होती. काकीच्या हातून करपलेली ती मी पाहिलेली एकमेव भाकरी. ती तिने कुणाला वाढली नाही. अंगणात विटांच्या ढिगावर बसून, मीठ-मिरचीशी, तिने ती एकटीने सगळी खाल्ली.