ज्ञानकोशात तीन दिवस

इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात माझ्या वडिलांवर लेख आहे आणि माझ्यावर नाही, याचं मला पंचेचाळीस वर्षं काहीच वाईट वाटलं नव्हतं. (त्यातली बरीच वर्षं इंटरनेटच नव्हतं, ही गोष्ट वेगळी!)

बाबूजी एकेकाळी देशाच्या संघातून कबड्डी खेळले. बालाघाटात आजही त्यांना पाहून ऑटोवाले थांबतात आणि पाया पडतात. मला पाहूनही थांबतात, पण "कहाँ जाना है भैया?" विचारायला. कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. तिथे मी लोकांचे अर्जही टाइप करून देतो.

एका रविवारी माझी बायको सुनंदा मोबाइलवर बाबूजींचा लेख वाचत होती. एकदम म्हणाली, "अवो, याच्यात तुमचं नावच नाही!"

"म्या काय केलं की माझं नाव असंन?"

"लोकाईचे अर्ज लिहिता दिवसभर. सोतासाठी दोन ओळी नाही लिहू शकत? तिथं कोणीबी लिहू शकते म्हंतात."

झालं! सोमवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून मी स्वतःवर लेख लिहिला. 'ज्येष्ठ क्रीडातज्ज्ञ, विचारवंत आणि थोर कबड्डीपटूंचे सुपुत्र.' ज्येष्ठ, कारण केस पिकलेत. क्रीडातज्ज्ञ, कारण टीव्हीसमोर बसून मी खेळाडूंच्या चुका दाखवतो. विचारवंत, कारण सुनंदा रोजच विचारते, "कायचा एवढा विचार करून राह्यले?" शेवटी एक वाक्य ठोकून दिलं, 'शालेय जीवनात त्यांनी कबड्डीचे मैदान गाजवले.'

मंगळवारी लेखावर लाल चौकट! 'हा लेख काढून टाकावा का, यावर चर्चा सुरू आहे. प्रसिद्ध खेळाडूचे अपत्य असणे एवढेच पुरेसे नाही.' खाली लोकांनी मतं द्यायची जागा होती.

मी ताबडतोब नातेवाईकांना फोन लावले. तिरोडीच्या खाणीत कामाला असलेला माझा साळा म्हणाला, "जीजाजी, मी हावो ना! तुमी फक्त टाइप करा." आणि मत सांगितलं, "ठेवा. जीजाजी स्वभावानं गरीब हायत. दारू पीत नाहीत."

कटंगीच्या आत्यानं विचारलं, "काढून राह्यले म्हंजे? घरातून?"

"नाही वं आत्या, लेखातून!"

"मंग लिही, ठेवा म्हणा. एका कोपऱ्यात पडून राहीन बिचारा, कोनाले काय तरास?"

संध्याकाळपर्यंत माझ्या बाजूनं नऊ मतं पडली. सगळी माझ्याच हातानं, माझ्याच कॉम्प्युटरवरून! बुधवारी सकाळी तिथल्या कुणा संपादकाचं उत्तर आलं. फार सभ्य माणूस. 'नऊही जणांनी "प्रसिद्ध" हा शब्द सारखाच चुकीचा लिहिला आहे. असो. या गृहस्थांनी स्वतः काय केले, एवढेच कृपया सांगावे.'

दुकानात डबा घेऊन आलेल्या सुनंदाकडे मी पाहिलं. ती घाईघाईनं डबा उघडायला लागली. लाल चौकटीपेक्षा ते जास्त लागलं.

एवढ्यात बाबूजीच दुकानात आले. आत्यानं बातमी पोचवली होती. खुर्ची ओढून बसले. "माझंबी मत टाक."

माझा ऊर भरून आला. बापाचं मत! आता कोण काढतो पाहू! मी बोटं मोडून तयार झालो.

"लिही. मी याचा बाप. हा शाळेत एकदा कबड्डी खेळला."

"हौ बाबूजी." मी टाइप करत होतो.

"समोरून आपलाच गडी चढाई करून परत येत होता. यानं त्यालेच पकडलं. अन् सोडलं नाही!"

"बाबूजी!"

"पूरं मैदान ओरडून राह्यलं, सोड म्हून. हा काही सोडेना. याची शाळा तिथंच हारली. मैदान गाजवलं, हे खरं हाय. पन लेख काढून टाका."

"बाबूजी, 'ठेवा' म्हणा ना!"

"मैदानात कधी खोटं नाही बोललो, तं इथं काहून बोलू?" मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "लेखातून काढून राह्यलो बेटा, घरातून नाही. चल, दाब ते बटन."

ते मागे उभे होते. मी बटण दाबलं. दहाव्या मतावर निकाल लागला.

गुरुवारी सुनंदा मोबाइल नाचवत दुकानात आली. "अवो, आलं! बाबूजींच्या लेखात तुमची ओळ आली!" संपादकाला माझी दया आली असावी. मी चष्मा पुसून वाचलं. खरंच होतं. 'त्यांना एक मुलगा आहे.'

आणि त्यापुढे, कंसात, बारीक अक्षरांत : (पुरावा हवा).