लाल फळीवाला

इंग्रजांच्या अमलात मी तंजावरला कलेक्टर कचेरीत कारकून होतो. सायकलवरून जाताना किल्ल्याजवळच्या चौकात एक माणूस रोज दिसायचा. तिथे भाताच्या बैलगाड्या चारी बाजूंनी यायच्या. अशाच एका गाडीखाली त्याची सायकल सापडली होती आणि तेव्हापासून तो लंगडत असे. बरा झाल्यावर त्याने एक फळी लाल रंगवली, तिच्यावर पांढरी सायकल काढली आणि ती बांबूला ठोकून चौकात उभा राहू लागला. खांद्यावरचा पंचा सारखा करून तो फळी उंच धरायचा. गाड्या थांबायच्या, आम्ही सायकलवाले पार व्हायचो.

एके सकाळी पोलीस शिपायाने त्याला हटकलं, “तुला इथं कोणी नेमलं?”

“कोणी नाही, अय्या,” तो ‘साहेब’ म्हणावं तशा तमिळ अदबीने म्हणाला. “ तुम्ही उभे राहा, मी घरी जातो.” आणि त्याने फळी शिपायाच्या हातात दिली.

तेवढ्यात एक गाडी भरधाव आली. शिपायाने घाईने फळी वर केली. गाडीवानाने कासरा ओढला आणि मी सुखरूप पलीकडे गेलो. मागे वळून पाहिलं तर शिपाई फळीवाल्याला विचारत होता, “संध्याकाळी कोण उभं राहतं?”

“कोणी नाही.”

त्या दिवसापासून संध्याकाळी शिपाई उभा राहू लागला. सकाळी जाताना मी त्या माणसाला मान लववायचो. त्याला ते कधीच दिसलं नाही, कारण त्याची नजर गाड्यांवर असायची.