सुटलेल्या माणसाची मिरवणूक

त्या निवडणुकीत आमच्या उमेदवाराची पत्रकं मी लिहायचो. मॅट्रिक झालेला, अक्षर बरं, हाताला काम नाही. असे रिकामटेकडे अमरावतीत ढिगानं होते. त्यात मी स्वतःला अंमळ जास्तच शहाणा समजायचो.

एक दिवस भातकुलीकडची एक बाई उमेदवाराकडं आली. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, झालेल्या भांडणात तिच्या नवऱ्याच्या हातून चुलतभाऊ मेला होता. नवऱ्यानं तुरुंगात सात वर्षं काढली, आणि आता त्याला क्षयानं पुरतं खाल्लं होतं. फार दिवस नाहीत, असं तिथल्या डॉक्टरनं तिला सांगितलेलं. "आपल्या घरच्या खाटेवर जीव जाऊ द्या त्याईचा, भाऊ," एवढंच तिचं मागणं. अर्ज मी लिहिला, उमेदवारानं वर शब्द टाकला, आणि ऐन प्रचारात दया म्हणून त्याची सुटका झाली. इथवर आम्ही चांगलं केलं, हे आजही छातीठोक सांगीन. पुढचं सांगताना मान वर होत नाही.

सुटकेच्या सकाळी बाई तुरुंगाच्या फाटकाशी बैलांची दमणी जुंपून उभी होती. आत कडबा, त्यावर गोधडी. मी उमेदवाराची जीप घेऊन गेलो. हुकूम असा होता की माणूस आधी अकोल्याच्या सभेला, मग घरी. हे तिला कोणत्या तोंडानं सांगणार? मी म्हणालो, "वहिनी, अकोल्याले मोठा डॉक्टर हाये. दाखवून आनतो, संध्याकाळी घरी सोडतो." ही थाप मला कोणी शिकवली नव्हती, माझ्याच डोक्यातली ती. ती सोबत यायला निघाली, तर जीपमध्ये जागा नाही म्हणालो. जागा होती. तिथं झेंडे ठेवले होते. बिचारीनं दमणीतली गोधडी काढून मागच्या बाकावर अंथरून दिली.

"बाबू, हा तं बडनेऱ्याचा रस्ता हाये, आपल्या गावचा नाई," तो वाटेत म्हणाला.

"डॉक्टरकडं जाऊ, दादा."

तो गोधडीवर कलंडला. जो नेईल तिकडं चालायचं, ही सात वर्षांची सवय.

अकोल्यात त्याला मंचावर उभं केलं. उमेदवारानं त्याचा हात उचलून धरला आणि विचारलं, "या गरिबाले कोनं सोडवलं?" लोकांनी उमेदवाराचंच नाव घेतलं. मग मिरवणूक. आमच्याकडं गुलालाशिवाय मिरवणूक म्हणजे मयत समजत. क्षयाच्या माणसावर गुलाल उधळू नये, एवढं कळायला मॅट्रिक व्हावं लागत नाही. पण पहिली मूठ उधळली ती मी.

त्याला ठसका लागला तो थांबेचना. त्याच्या गळ्यातल्या उपरण्यावर रक्त आलं, गुलालात ते कोणाला दिसलं नाही. मला दिसलं. मी त्याच्या बगलेत हात घालून त्याला सरळ उभं केलं, कारण फोटोवाला आला होता. तो माझ्या कानाशी म्हणाला, "दिवस बुडाच्या आंदी घरी पोचू ना, बाबू?" हो म्हणालो, आणि अजून दोन चौक फिरवला.

परतताना मूर्तिजापूरच्या अलीकडं जीपमध्येच तो गेला. मी एका विहिरीवर गाडी थांबवायला लावली आणि त्याचं तोंड धुतलं, मान धुतली, कानामागचा गुलाल नखानं काढला. लाज वाटत होती म्हणून नव्हे. बाईला दिसू नये म्हणून.

गावात पोचलो तेव्हा आळीतली माणसं जमली. त्याला खाटेवर ठेवलं. बाई लगेच रडली नाही. तिनं मला विचारलं, "डॉक्टर काय म्हने, भाऊ?"

तेव्हा तरी खरं बोलता आलं असतं. मी म्हणालो, "फार उशीर झाला म्हने."

ती मटकन खाली बसली. "मीच केला उशीर," ती बायांना सांगू लागली. "अर्ज दे, अर्ज दे, सारेच म्हनत होते. कापूस घरात येऊ दे म्हनत मीच थांबली. मीच मारलं त्याईले." बाया तिची समजूत घालत होत्या. मी दाराशी मान खाली घालून उभा राहिलो आणि अंधार पडायच्या आत जीपमध्ये बसून निघून आलो. त्या गावाला पुन्हा गेलो नाही.