बदकांसाठी कालचा पाव

रेमेई सोलानेस माझ्या बेकरीच्या वरच राहते आणि बार्सिलोनातल्या एका बँकेत आकडे बघते. लाखो खात्यांत महिनाअखेरीला पगार किती जमा झाला, हे बघायचं. नावं दिसत नाहीत, आकडे दिसतात. महामारीत सगळं बंद पडलं तेव्हा बँकेने तिला सांगितलं, गरीब-श्रीमंतांतलं अंतर किती वाढलं ते काढ. नगरपालिका त्यावरून ठरवणार होती, घरपोच जेवण सुरू करायचं की नाही.

तिचा धाकटा भाऊ किर्झे समोरच्या इमारतीत एकटा राहतो. वेटर. मार्चमध्ये हॉटेल बंद झालं, मालकाने त्या महिन्याचा पगारही बुडवला. पण हे तो कुणाला सांगेल तर शपथ. रोज संध्याकाळी आठला दवाखान्यातल्या लोकांसाठी टाळ्या वाजवायला सगळे गॅलरीत यायचे, तेव्हा रेमेई ओरडायची, "जेवलास का रे?" हा पोटावरून हात फिरवायचा.

मेच्या पहिल्या शुक्रवारी ती पाव घ्यायला आली ती खुशीतच. "एंग्रासिया, अंतर कमी झालंय! सोमवारी अहवाल जातोय. जेवणाची गरजच नाही म्हणतायत साहेब."

"डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?" माझी जीभ जरा तिखटच आहे. "महिनाभर तुझा भाऊ माझ्याकडून कालचा पाव नेतोय. फुकट. बदकांना घालायला म्हणे."

"कुठली बदकं? बागेला तर मार्चपासून कुलूप आहे."

"तेच म्हणते मी."

ती पाव न घेताच वर गेली.

रविवारी खाली आली, केसही विंचरले नव्हते. ज्या खात्यात लागोपाठ दोन महिने काहीच आलं नाही, ते गिऱ्हाईक बँक सोडून गेलं असं धरायचं आणि मोजायचं नाही, असा नियम होता. सहा वर्षांपूर्वी तिनेच केलेला. काम गेलेल्यांना मिळणाऱ्या सरकारी भत्त्याचे कागद अडकलेले, त्यामुळे ज्यांना छदामही मिळाला नव्हता ते सगळे यादीतून गेले. उरलेल्यांत अंतर कमीच दिसणार.

"मीच त्याला काढून टाकलं गं," ती म्हणाली.

सोमवारी तिने सगळ्यांना परत यादीत घेतलं. आलेखाची रेघ सरळ वर गेली. साहेब म्हणाले, "शुक्रवारी तर बरी होती!"

"शुक्रवारी माणसं कमी होती," रेमेई म्हणाली.

जेवण मंजूर झालं. सुरू व्हायला पंधरा दिवस लागणार होते. पोटाला हे कोण सांगणार?

मंगळवारी किर्झे आला. "कालचा आहे का?"

"संपला." मी भट्टीतून आत्ताच काढलेला पाव पुढे केला. "आज बदकांना हा घाल."

"गरम चालत नाही त्यांना."

"चालतो. मुकाट्याने घेऊन जा."

आमच्याकडे ताज्या लांबट पावाचं टोक दुकानाच्या दारातच मोडून तोंडात टाकतात. किर्झेने मास्क खाली ओढला आणि टोक मोडलं. मग दुसरं. रस्ता ओलांडेपर्यंत पाव संपला होता. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू?

रेमेई वर गॅलरीतून बघत होती. त्या संध्याकाळी आठला तिने नुसत्या टाळ्या वाजवल्या. जेवलास का, हे विचारलं नाही.