झोळ्यांची शाळा

“लेकरं उतरवा आधी, मग हाणा ट्रॅक्टर!”

दसरा झाला की आमच्या बाई पदर खोचून ट्रॉलीला आडव्या व्हायच्या. पाटोद्याकडच्या आमच्या वस्तीवर चौथीपर्यंतची शाळा. शिक्षक दोनच, बाई आणि मी. आईबाप ऊसतोडीला निघाले की पोरंही जायची, ती उन्हाळ्यात अक्षरं विसरून परतायची. पट असाच घटला तर शाळेला कुलूप ठरलेलं. मी आपला हजेरी घ्यायचो आणि नशिबाला बोल लावायचो. बाई मात्र भांडायच्या.

तिसरीतली सावी घडाघडा वाचायची, तिच्यावर बाईंचा फार जीव. गेल्या दसऱ्याला तिची आई म्हणाली, “हिला ठेवते बाई, पण धाकट्याला फडात कोण धरील? घरी म्हातारीला दिसत न्हाई.”

“मग त्याला बी ठेव. दिवसा मी हाय, रातीला म्हातारी.”

झालं! वर्गाच्या आढ्याला पहिली झोळी लागली. बातमी वस्तीभर गेली आणि घरोघरची लहानगी शाळेत आली. तुम्ही तो वर्ग पाहायला हवा होता. इकडं बाराखडी, तिकडं रडारड, आणि मधे बाई, एका हातात खडू, दुसऱ्यात झोळीची दोरी. त्या वर्षी एकही मूल फडात गेलं नाही. मला त्या बाईंचा अभिमान वाटला, आजही वाटतो.

पण झोके देता देता मोठ्यांचं वाचन मागं पडलं. तपासणीला आलेल्या साहेबांनी चौथीतल्या एकाला धडा वाचायला लावला. तो पहिल्याच ओळीत अडकला.

“ही शाळा आहे की पाळणाघर?”

“हितं हाय म्हणून अडकला तरी, साहेब. फडात असता तर कुणी वाचायला लावलं असतं?”

साहेबांना ते झोंबलं. उन्हाळ्यात बाईंची बदली झाली, पार आष्टीच्या पलीकडं. झोळ्या मलाच सोडाव्या लागल्या.

यंदा दसऱ्यानंतर मी घरोघर फिरलो. सावीची आई म्हणाली, “सर, तुमी लई चांगले हायत. पण लेकरू सांभाळाल का?” मी हो न म्हणताच पुढच्या दारी गेलो.

ट्रॅक्टर निघाला त्याच सकाळी बाईंचा फोन आला. “सावी हाय ना?” मागं इंजिन धडधडत होतं. ते ऐकूनच बाई समजल्या.

“तिला द्या फोन.”

सावीच्या मांडीवर भाऊ होता. तिचे दोन्ही हात त्यातच गुंतलेले. ट्रॅक्टर चढाला लागला होता; मी ट्रॉलीच्या कडेनं चालत फोन तिच्या कानाला लावला. बाई काय बोलल्या, मला ऐकू आलं नाही. सावी एवढंच म्हणाली, “वाचीन बाई. पण ह्यो झोपला तर.”

चढ संपला तसा ट्रॅक्टरनं वेग घेतला. मी चार पावलं धावलो आणि थांबलो. फोन माझ्या हातात होता, आणि बाई अजून बोलतच होत्या.